सतरा अंकांची कमान

१९८४ सालच्या पावसाळ्यांतली गोष्ट आहे. मी दारव्ह्याच्या शाळेंत सातवींत शिकत होतों. मुर्तिजापूर आणि यवतमाळ यांच्या दरम्यान धांवणारी लहान रुळांची आगगाडी, जिला आमचा सारा मुलूख शकुंतला म्हणून ओळखतो, त्या काळीं चालू होती. तिची शिट्टी ऐकून तास किती उरला याचा अदमास आम्ही मुलें बांधीत असूं. त्या दिवशीं इंग्रजीचे शिक्षक रजेवर होते, आणि रिकाम्या तासाला गणिताचे गुरुजी वर्गांत आले. पुस्तक उघडावयास न सांगतां त्यांनीं फळ्यावर ओळीनें नऊ वेळां एक लिहिला आणि म्हणाले, "हिला हिनेंच गुणा."

१११११११११ ला १११११११११ नें गुणावयाचें! काम लांबलचक, पण अवघड कांहींच नाहीं. कारण एकानें गुणल्यास संख्या तशीच राहते. नऊ ओळी लिहावयाच्या, प्रत्येक ओळ एकेक घर डावीकडे सरकवावयाची आणि बेरीज करावयाची. थोड्या वेळानें वह्यांतून उत्तर वर आलें:

१२३४५६७८९८७६५४३२१.

माझ्या शेजारच्या मुलानें आपलें कांहीं चुकलें असें समजून सारें खोडून टाकलें व पुन्हा गुणाकार मांडला. शाळेंतल्या गणिताला इतकें सुबक उत्तर येत नसतें, असा आम्हां सर्वांचाच अनुभव होता. एक एक पायरी चढत नऊपर्यंत जावें आणि त्याच पायऱ्यांनीं खालीं उतरावें, अशी ती सतरा अंकांची कमान पाहून वर्ग गप्प झाला. तास संपतां संपतां गुरुजी एवढेंच म्हणाले, "आतां दहा एक घेऊन घरीं करून पाहा." मीं त्या रात्रीं तो गुणाकार केला. उत्तर विस्कटलेलें आलें. दोनदां केला, दोन्ही वेळां तसेंच. तेव्हां आपलें चुकलें असें मानून मीं वही दप्तराच्या तळाशीं घातली आणि दुसऱ्या दिवशीं ती गुरुजींना दाखविली नाहीं. त्या वहीची गोष्ट पुढें येणार आहे म्हणून ती येथें सांगून ठेवतों.

प्रथम त्या संख्येची नीट ओळख करून घेऊं. वाचकांनीं, विशेषतः घरांतील मुलांनीं, हातीं पेन्सील घेऊन हा भाग वाचावा, म्हणजे तो अधिक गोड लागेल. भास्कराचार्यांनीं ११५० सालच्या लीलावतींत एकापासून परार्धापर्यंत अठरा स्थानांचीं नांवें दिलीं आहेत. त्या मोजणीनें आपल्या संख्येचा पहिला एक ‘मध्य’ नांवाच्या सतराव्या स्थानीं बसतो. म्हणजे परार्धाच्या अगदीं खालच्या पायरीवर. मधला नऊ अर्बुदाच्या स्थानीं, दोन्ही टोंकांकडून मोजला तरी नववा. सगळ्या अंकांची बेरीज ८१ येते, आणि ती कां येते हें गुणाकाराच्या मांडणींतच दिसतें: नऊ ओळी, प्रत्येक ओळींत नऊ एक, असे एकूण ८१ एक आपण लिहिले, बेरजेंत कोठेंहि हातचा आला नाहीं, म्हणून त्यांतला एकहि एक हरवला नाहीं. उजवीकडच्या पहिल्या रकान्यांत एकच एक पडतो, दुसऱ्यांत दोन, तिसऱ्यांत तीन, असें होत नवव्या रकान्यांत नऊ एक येतात आणि पुढें ओळी एकेक करून संपूं लागतात. कमानीचें गुपित हेंच.

आतां तिचे अवयव पाहूं. १११११११११ या संख्येचे मूळ अवयव ३, ३, ३७ आणि ३३३६६७ हे होत. आपली संख्या तिचा वर्ग असल्यामुळें तींत ३ चार वेळां, ३७ दोन वेळां आणि ३३३६६७ दोन वेळां येतो. यावरून तिला निःशेष भागणाऱ्या संख्या मोजल्या, तर एक आणि ती स्वतः धरून त्या पंचेचाळीस भरतात. ३७ ला ३३३६६७ नें गुणल्यास १२३४५६७९ येतात. ओळीनें सारे अंक आले, आठ मात्र गळाला! या गळालेल्या आठाकडेहि वाचकांनीं लक्ष ठेवावें. १२३४५६७९ ला नवांनीं गुणलें कीं आपले नऊ एक पुन्हा हजर होतात.

ही करामत कोणा आधुनिक हौशी माणसाची, असें मला फार दिवस वाटे. वस्तुस्थिति तशी नाहीं. इसवी सनाच्या नवव्या शतकांत, सुमारें ८५० सालीं, महावीराचार्य या जैन गणित्यानें गणितसारसंग्रह नांवाचा संस्कृत ग्रंथ रचला. ग्रंथाच्या आरंभीं त्यानें राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष नृपतुंग याची स्तुति केली आहे. ज्या घराण्याच्या कृष्णराजानें वेरूळचें कैलास लेणें खोदविलें, त्याच घराण्याचा हा राजा; त्याची राजधानी मान्यखेट, म्हणजे आजचें कर्नाटकांतील मालखेड. आमच्या वऱ्हाडावरहि त्या वंशाची सत्ता होती. महावीराच्या ग्रंथांत १२३४५६५४३२१ ही संख्या येते, आणि ती तो अंक मोजून सांगत नाहीं. एकापासून चढत सहापर्यंत जाणारी आणि मग क्रमानें उतरणारी, अशा वर्णनानें सांगतो. ही संख्या सहा एकांचा वर्ग होय. २७९९४६८१ आणि ४४१ यांच्या गुणाकारानेंहि ती मिळते. गुणाकाराच्या उदाहरणांत महावीरानें अशीं सुबक फलें जाणून बुजून निवडलीं आणि कांहींना कंठांतल्या अलंकाराची उपमा दिली. गणित शिकविणाऱ्याला शिष्याच्या मनाचा कंटाळा ठाऊक असतो, आणि त्यावरचा उपायहि ठाऊक असतो, हें अकराशें वर्षांपूर्वींच्या त्या पुस्तकांत दिसतें. हा ग्रंथ रंगाचार्यांनीं इंग्रजी भाषांतरासह १९१२ सालीं मद्रासेंत प्रसिद्ध केला, तेव्हां तो जगाच्या नजरेस आला.

त्यानंतर थोड्याच वर्षांनीं ही कमान महाराष्ट्रांत पुन्हा उभी राहिली. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजीं डहाणू येथें झाला. ठाण्यास शाळा आणि पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयांत उच्च शिक्षण झालें. तेथें १९२७ सालीं त्यांस रँग्लर परांजपे यांच्या नांवाचें गणिताचें पारितोषिक मिळालें. १९२९ सालीं ते पदवीधर झाले, आणि पुढच्याच वर्षीं नाशिकजवळच्या देवळालींत शाळामास्तर झाले. १९६२ सालीं निवृत्त होईपर्यंत ते तेथेंच शिकवीत होते. पदवीच्या पुढचें शिक्षण त्यांनीं घेतलें नव्हतें. भोंवतीं ग्रंथालय नव्हतें, सहाध्यायी नव्हते. होते ते अंक. मुंबईपासून सुमारें तीस मैलांवर जी. आय. पी. रेल्वेचें डेम्लो नांवाचें स्थानक होतें. त्यालाच पुढें डोंबिवली हें नांव रूढ झालें. तेथें गाडी बदलतांना त्यांना एका जातीच्या संख्यांचा विचार सुचला, म्हणून त्यांनीं त्या संख्यांस स्थानकाचेंच नांव दिलें. गाडीची वाट पाहणें हें आपणां सर्वांच्या वांट्यास येतें. पण फलाटावरचा तो रिकामा वेळ गणिताच्या पुस्तकांत नांव होऊन राहिल्याचें उदाहरण विरळाच.

डेम्लो संख्येचें लक्षण असें: तिचे तीन भाग पडावेत, मधल्या भागांत एकच अंक एक वा अनेक वेळां यावा, आणि डावा व उजवा भाग यांची बेरीज केली असतां तोच अंक पुनःपुन्हा मिळावा. २५५३ घ्या. मध्यें ५५, आणि डावीकडचे २ व उजवीकडचे ३ मिळून ५. आतां हेंच माप आपल्या कमानीला लावा. मधला नऊ बाजूस ठेवला, तर डावीकडे १२३४५६७८ आणि उजवीकडे ८७६५४३२१ राहतात. त्यांची बेरीज ९९९९९९९९, म्हणजे आठ नऊ! महावीराच्या संख्येंतहि ५ आणि ५ यांच्या मध्यें ६ आहे. १२३४५ आणि ५४३२१ मिळून ६६६६६. एकाच अंकाच्या, म्हणजे नुसत्या एकांच्या, वर्गांना कापरेकरांनीं अद्भुत डेम्लो संख्या असें म्हटलें. के. आर. गुंजीकर यांच्यासह त्यांनीं या संख्यांच्या उपपत्तीवर लिहिलेला लेख १९३९ सालीं मुंबई विद्यापीठाच्या नियतकालिकांत छापून आला.

कापरेकरांचें नांव पुढें जगभर झालें तें ६१७४ या चार अंकी संख्येमुळें. कोणतीहि चार अंकी संख्या घ्यावी, मात्र तिचे सारे अंक सारखे नसावेत. अंक उतरत्या क्रमानें मांडून त्यांतून चढत्या क्रमानें मांडलेली संख्या वजा करावी. येईल त्या उत्तरावर पुन्हा तेंच करावें. सात वजाबाक्यांच्या आंत ६१७४ येऊन उभी राहते, आणि मग हलत नाहीं. हें त्यांनीं १९४९ सालीं मद्रासच्या गणित परिषदेंत मांडलें. १९७५ सालीं मार्टिन गार्डनर यांनीं अमेरिकेंतील एका विख्यात मासिकांत त्यांच्याविषयीं लिहिलें, तेव्हां परदेशांत त्यांचा बोलबाला झाला. घरीं मात्र परिस्थिति निराळी होती. त्यांचें संशोधन पोरकट समजणारे विद्वान् कमी नव्हते. आपलीं पुस्तकें बहुधा त्यांनीं आपणच छापविलीं, आणि निवृत्तिवेतन पुरेना म्हणून उतारवयांत शिकवण्या केल्या. १९८६ सालीं ते वारले. मीं सातवीच्या वर्गांत ती कमान पाहिली तेव्हां ते हयात होते, आणि त्यांचें नांवहि मला ठाऊक नव्हतें.

ज्या विद्वानांनीं त्यांस हंसून बाजूस सारलें, त्यांच्या पंक्तींत पुढें मीहि जाऊन बसलों, हें कबूल केल्यावांचून हा लेख पुरा होणार नाहीं. महाविद्यालयांत इंग्रजी पुस्तकांतून मोठें गणित शिकूं लागल्यावर मीं केंब्रिजच्या हार्डी यांचें १९४० सालचें ‘एका गणित्याची कैफियत’ या अर्थाच्या नांवाचें पुस्तक वाचलें. ज्यांनीं रामानुजन यांना ओळखलें ते हे हार्डी. त्यांचा शब्द म्हणजे आम्हांस वेदवाक्य. ८७१२ आणि ९८०१ या दोनच चार अंकी संख्या आपल्या उलट्या रूपाच्या पटींत आहेत, अशीं उदाहरणें देऊन ते सांगतात कीं असल्या गोष्टी वर्तमानपत्रांतील कोड्यांच्या सदरास ठीक. गणित्याला त्यांत रस वाटण्याजोगें कांहीं नाहीं. मला तें तंतोतंत पटलें. गुरुजींची कमान हा एक पोरखेळ होता, असें मीं मनाशीं ठरवून टाकलें. यवतमाळास अध्यापक झाल्यावर कितीदां तरी गणित मंडळाच्या कार्यक्रमांत मुलांनीं ती फळ्यावर लिहिली. मीं टाळ्या वाजविल्या आणि मनांतून हंसलों.

गेल्या वर्षीं घाटंजी तालुक्यांतून आलेली एक विद्यार्थिनी तास संपल्यावर माझ्याजवळ आली. हातांत वही होती. "सर, नऊ एकांपर्यंत बरोबर येतें. दहा घेतले कीं चुकतें. कोठें चुकतें तें सांपडत नाहीं." वहींत लिहिलें होतें:

१२३४५६७९००९८७६५४३२१.

मीं तें पाहिलें आणि चाळीस वर्षांपूर्वींच्या दप्तराच्या तळाशीं घातलेली माझी वही मला आठवली. तेंच उत्तर. तींच दोन शून्यें, आणि चढतांना गळालेला तोच आठ. मुलीचें कांहींहि चुकलें नव्हतें. माझेंहि चुकलें नव्हतें.

असें कां होतें तें मग आम्हीं दोघांनीं फळ्यावर पाहिलें. दहा ओळी मांडल्या कीं मधल्या रकान्यांत दहा एक पडतात. दहा हा अंक नाहीं. तेथें शून्य लिहून हातचा एक पुढें द्यावा लागतो. पुढच्या रकान्यांत नऊ आहेत, त्यांत हा एक मिळून पुन्हा दहा. पुन्हा शून्य, पुन्हा हातचा. त्याच्या पुढच्या आठांत तो एक मिळतो आणि आठाचे नऊ होतात. तेथें हातचा थांबतो. आठ हरवला नाहीं. त्याचाच नऊ झाला. आतां मघाच्या १२३४५६७९ कडे पाहा. एकास ८१ नीं भागलें असतां दशांशांत ०.०१२३४५६७९०१२३४५६७९... असे अंक अखंड फिरत राहतात, आणि त्यांतहि आठ नाहीं. कारण एक नवमांश म्हणजे दशांशचिन्हापुढें अनंत एकांची रांग, आणि ८१ हा नवांचा वर्ग. म्हणून येथें आपण अनंत एकांचाच वर्ग करीत आहों, व हातच्यानें तेथेंहि तेंच केलें आहे. आवर्ती दशांश हा कापरेकरांच्या आवडीचा विषय होता.

तेव्हां हार्डी यांचें म्हणणें चुकीचें होतें काय? नाहीं. नवावर थांबणारी ती कमान आपल्या दहा बोटांची देणगी आहे. आठांच्या पटीनें मोजणाऱ्यांची कमान सातापर्यंतच चढली असती. बारांच्या पटीनें मोजणाऱ्यांची अकरापर्यंत गेली असती. आणि शून्य व एक या दोनच अंकांवर चालणाऱ्या गणनेंत ११ ला ११ नें गुणतांच १००१ येऊन पहिल्याच पायरीला ती मोडते. ही संख्येची जात नव्हे, तिचा पोशाख आहे, हें खरेंच. परंतु पोशाख उतरल्यावर आंत कांहींच राहत नाहीं, असें जें मीं मानलें तें चुकीचें होतें. रकान्यांत किती एक पडतात ही मोजणी दहांवर अवलंबून नाहीं. सहा बाजूंचे दोन फांसे टाका: बेरीज दोन येण्याची रीत एक, तीन येण्याच्या दोन, चार येण्याच्या तीन, अशा वाढत साताच्या सहा रीती होतात, आणि पुढें उतरत बाराची पुन्हा एकच. १, २, ३, ४, ५, ६, ५, ४, ३, २, १. ही महावीराचार्यांची संख्या! फाशांना नऊ बाजू असत्या तर आपली सतरा अंकी संख्या उमटली असती; दहा बाजू असत्या तरी मधली मोजणी बिनदिक्कत दहा आली असती, कारण फाशांना हातचा घ्यावा लागत नाहीं. संभवाच्या गणितांत पायाभूत असलेली ही रचना त्या कमानीच्या आंत उभी आहे. ती दिसण्यासाठीं कमान मोडावी लागते, आणि मोडली ती कां, असें विचारावें लागतें.

गुरुजींनीं आम्हांस दहा एक घेऊन करावयास सांगितलें होतें तें याचसाठीं असावें, असें आतां मला वाटतें. सुबक उत्तर त्यांनीं वर्गांत दाखविलें. विस्कटलेलें उत्तर आमच्यासाठीं राखून ठेवलें. मीं वही दाखविली असती तर त्यांनीं मला हातच्याची ही वाट तेव्हांच दाखविली असती. मीं ती लपविली, पुढें मोठमोठे ग्रंथ वाचले, आणि त्यांच्या आधारावर त्या फळ्यास क्षुल्लक ठरविलें. देवळालीच्या मास्तरांनाहि आमच्या सुशिक्षित वर्गानें हीच वागणूक दिली. त्यांच्या प्रत्येक संख्येंत खोल सिद्धांत आहे असें माझें म्हणणें नाहीं. कित्येक केवळ गमती आहेत, आणि त्यांनाहि त्या गमती म्हणूनच आवडत असाव्यात. एका जातीच्या संख्यांना त्यांनीं हर्षद असें नांव दिलें, म्हणजे आनंद देणाऱ्या. जी संख्या आपल्या अंकांच्या बेरजेनें निःशेष भागली जाते ती. पण बत्तीस वर्षें शाळेंत शिकवून, रात्रीं अंकांशीं बसून, पदरचे पैसे घालून छापलेलें हें काम तपासून न पाहतां हंसण्यावारी नेण्याचा अधिकार आम्हांस कोणी दिला होता?

दारव्ह्याचे ते गुरुजी आतां नाहींत. शकुंतलाहि चालत नाहीं. दारव्ह्याच्या बाजूला रुळांवर गवत वाढलें आहे. घाटंजीच्या त्या मुलीला मीं सांगितलें कीं अकरा एक घेऊन घरीं करून पाहा, आणि उत्तर कसेंहि आलें तरी वही घेऊन ये. दुसऱ्या दिवशीं ती आली. मधल्या रकान्यांत अकरा, त्याच्या दोन्ही बाजूंस दहा दहा. हातचे कोठें मिळतात, कोठें थांबतात हें तिनें पेन्सिलीनें खुणा करून दाखविलें होतें. उत्तर होतें १२३४५६७९०१२०९८७६५४३२१. मीं तें घरीं येऊन पडताळून पाहिलें. बरोबर होतें.